खिशातील दप्तर : मासळी व्यवसायातील ई-मेलची जपणूक

वसईच्या ऐतिहासिक किल्ल्याच्या परिसरात, खाडीच्या मुखाशी वसलेले पाचूबंदर हे पालघर जिल्ह्यातील कोळी बांधवांचे एक गजबजलेले बंदर आहे. नांगरलेल्या नौका, किनाऱ्यावर पसरलेली जाळी, बांबू व दोरीच्या रांगांवर वाळणारे बोंबील आणि मासळीच्या टोपल्यांभोवती चाललेली लगबग हे येथील नेहमीचे दृश्य होय. परंतु या पारंपरिक व्यवसायाचे अंतरंग गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलले आहे. डिझेलचे देयक, बर्फाची मागणी, जाळ्यांच्या व इंजिनाच्या सुट्या भागांची दरपत्रके, बँकेचे खातेउतारे, विम्याची पॉलिसी, नौकेच्या नोंदणीचे व परवान्याचे कागद, व्यापाऱ्यांच्या मागण्या आणि सहकारी संस्थेची परिपत्रके यांतील बराचसा व्यवहार आज ई-मेलद्वारे होतो, आणि तो उघडून वाचण्याचे साधन म्हणजे बहुतेकांच्या खिशातील स्मार्टफोन. पूर्वी लाकडी पेटीत किंवा कपाटात राहणारे व्यवसायाचे दप्तर आता खिशात आले आहे.

दप्तर खिशात आले म्हणून त्याच्या जपणुकीची जबाबदारी मात्र कमी झालेली नाही. ‘साठवणीची जागा संपली’ ही सूचना फोनच्या पडद्यावर झळकली की घाईघाईने दिसेल ते पुसून टाकण्याकडे अनेकांचा कल असतो. अशा घाईत विम्याची पॉलिसी किंवा डिझेलचे देयक नाहीसे झाले, तर त्याची किंमत पुढे मोजावी लागते. यासाठी ई-मेलची साठवण कशी होते, ती कशी आटोक्यात ठेवावी आणि कोणता कागद किती काळ सांभाळावा, याची माहिती व्यावसायिकांनी करून घेणे अगत्याचे आहे.

जपलेल्या कागदाचे मोल

कागद जपण्याचे महत्त्व वसईकरांस वेगळे सांगावयास नको. 1737 ते 1739 या काळात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली झालेल्या वसईच्या मोहिमेची तपशीलवार हकीकत आज आपणांस कळते, ती त्या वेळची पत्रे जपून ठेवली गेली म्हणून. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे असंख्य मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद कोणत्या रुमालात आहे हे ठाऊक असणे हीच दप्तरदाराची खरी विद्या होती. साधन बदलले तरी ही विद्या कालबाह्य झालेली नाही.

ई-मेलचा इतिहास त्या मानाने अल्प आहे. संगणकांच्या जाळ्यातून पहिला ई-मेल 1971 साली अमेरिकेतील अभियंते रे टॉमलिन्सन यांनी पाठविला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्यानंतर वर्षभरातच, 4 जुलै 1996 रोजी, सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल ही विनामूल्य सेवा उपलब्ध करून दिली. त्या सेवेत पुढे अनेक वर्षे ग्राहकास अवघी 2 एमबी जागा मिळत असे. म्हणजे आजच्या फोनने काढलेले एखादे छायाचित्रही तीत कसेबसे मावले असते. त्या काळी वाचलेला मेल पुसून टाकणे ही गरजच होती. 1 एप्रिल 2004 रोजी गुगलने जीमेल सुरू करताना 1 जीबी जागा देऊ केली आणि ‘काही पुसू नका’ अशी सवय लोकांस लागली. आज आपल्यापुढे असलेली अडचण ही त्या सवयीचेच फळ आहे.

साठवणीच्या दोन जागा

या विषयातील सर्वांत मोठा गोंधळ एकाच कारणाने होतो. ई-मेल दोन ठिकाणी साठविला जातो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पहिली जागा सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकावरील, म्हणजे सर्व्हरवरील. दुसरी जागा आपल्या फोनमधील. मासळीचा साठा किनाऱ्यावरील शीतगृहात असावा आणि त्यातील थोडा भाग नौकेवरील बर्फाच्या कप्प्यात असावा, तसाच हा प्रकार समजावा. बर्फाचा कप्पा भरला म्हणून शीतगृह भरले असे होत नाही. आणि शीतगृह भरले असता नौकेवरील कप्पा रिकामा करून उपयोग होत नाही.

म्हणून जागा संपल्याची सूचना आली असता ती कोणत्या जागेची आहे हे प्रथम पाहावे. ‘फोनमधील जागा अपुरी आहे’ अशी सूचना असेल तर उपाय फोनमध्ये करावयाचा. ‘खात्यातील जागा भरत आली आहे’ अशी सूचना असेल तर उपाय सर्व्हरवरील खात्यात करावयाचा. या दोन रोगांची औषधे वेगळी आहेत.

येथे आणखी एक बाब नीट समजून घ्यावी. सर्व्हरवरील मेल फोनवर दाखविण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. ‘आयमॅप’ या पद्धतीत फोन हा सर्व्हरवरील पेटीत डोकावण्याची खिडकी असतो. फोनवर मेल पुसला की तो सर्व्हरवरूनही जातो, आणि मग कार्यालयातील संगणकावरही दिसत नाही. ‘पॉप’ या जुन्या पद्धतीत मेल फोनवर किंवा संगणकावर उतरवून घेतला जातो, आणि तशी योजना केलेली असेल तर सर्व्हरवरील मूळ प्रत काढून टाकली जाते. अशा वेळी फोनमधील प्रत हीच एकमेव प्रत असते. फोन पाण्यात पडला की दप्तर बुडाले. आपले खाते कोणत्या पद्धतीने जोडले आहे हे जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावे. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये पहिलीच पद्धत किंवा तिच्यासारखी व्यवस्था असते.

जागा कशाने भरते?

नुसत्या मजकुराचा मेल अगदी हलका असतो. जागा व्यापतात ती जोडपत्रे : छायाचित्रे, स्कॅन केलेले कागद, चलच्चित्रे. त्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जोडपत्र ई-मेलने पाठविताना त्याचे अक्षरसंकेतांत रूपांतर करावे लागते आणि त्यामुळे त्याचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. 3 एमबीचे छायाचित्र मेलमध्ये सुमारे 4 एमबी जागा घेते.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या मासळी व्यापाऱ्यास कामाच्या प्रत्येक दिवशी 10 मेल येतात आणि प्रत्येकाचे सरासरी वजन 2 एमबी आहे. म्हणजे रोज 20 एमबी. जीमेलच्या विनामूल्य खात्यात 15 जीबी, म्हणजे स्थूलमानाने 15,000 एमबी जागा असते. ती 750 दिवसांत भरेल. वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले तर अवघ्या अडीच वर्षांत पेटी तुडुंब होईल.

प्रत्यक्षात ती याहून लवकर भरते. कारण ही 15 जीबी जागा केवळ मेलसाठी नाही. ड्राइव्हवरील धारिका आणि, 1 जून 2021 पासून, गुगल फोटोजमध्ये नव्याने साठविलेली छायाचित्रे हीही त्यातच मोजली जातात. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपची राखीव प्रतही 2024 पासून याच जागेत धरली जाऊ लागली. घरातील लग्नसमारंभाची छायाचित्रे आणि व्यवसायाची देयके एकाच गोदामात पडल्यासारखे हे आहे. व्यवसायाचे खाते व घरगुती खाते वेगळे ठेवावे, हा सल्ला यासाठीच दिला जातो.

पेटी पूर्ण भरल्यावर काय होते? नवे मेल येणे बंद होते आणि पाठविणाऱ्यास ते परत जातात. व्यापाऱ्याची मागणी, बँकेची सूचना, विमा नूतनीकरणाचे स्मरणपत्र यांपैकी काय परत गेले हे आपणांस कळतही नाही. ही अवस्था सलग दोन वर्षे राहिली तर खात्यातील मजकूर काढून टाकण्याचा अधिकार कंपनीने आपल्या नियमांत राखून ठेवला आहे. त्याचप्रमाणे दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करून पुसण्याचे धोरण गुगलने डिसेंबर 2023 पासून अंमलात आणले. जुन्या पदाधिकाऱ्याने उघडलेले व पुढे कोणी न पाहिलेले संस्थेचे खाते असे नकळत नाहीसे होऊ शकते.

वर्गवारी आधी, साफसफाई नंतर

शासकीय कार्यालयांत अभिलेखांची अ, ब, क, क-1 व ड अशी वर्गवारी करण्याची जुनी पद्धत आहे. ‘अ’ वर्गातील कागद कायम ठेवावयाचे, ‘ब’ वर्गातील 30 वर्षे, ‘क’ वर्गातील 10 वर्षे, ‘क-1’ वर्गातील 5 वर्षे, आणि ‘ड’ वर्गातील अल्पकाळ ठेवून नष्ट करावयाचे. कागद हाती येताच तो कोणत्या वर्गातील हे ठरले, म्हणजे पुढे निर्णय करण्याचा त्रास उरत नाही. व्यवसायाच्या ई-मेलसाठी हीच पद्धत सोप्या स्वरूपात वापरता येईल.

पहिला वर्ग कायम ठेवावयाच्या मेलचा. नौकेची नोंदणी, मालकी व खरेदीचे कागद, इंजिनाच्या खरेदीचे देयक, कर्जमंजुरीचे व कर्जफेडीचे पत्र आणि भागीदारीचा करार यांचा त्यात समावेश होईल.

दुसरा वर्ग ठरावीक वर्षे ठेवावयाच्या मेलचा. वस्तू व सेवा कर कायद्याखाली नोंदणी झालेल्या व्यावसायिकाने आपली हिशेबपुस्तके व नोंदी वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जतन करणे 2017 च्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम 36 अन्वये आवश्यक आहे. उदाहरणार्थ, 2023-24 या आर्थिक वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबर 2024 ही होती. म्हणून त्या वर्षाची देयके 31 डिसेंबर 2030 पर्यंत ठेवावी लागतील. एखादे अपील किंवा चौकशी चालू असेल तर मुदत आणखी वाढते. व्यवसाय कंपनीच्या स्वरूपाचा असल्यास 2013 च्या कंपनी कायद्यानुसार 8 आर्थिक वर्षांची हिशेबपुस्तके जपावी लागतात.

तिसरा वर्ग काम पुरे होईपर्यंत ठेवावयाच्या मेलचा. मच्छीमारांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्ती सहकारी संस्थांमार्फत मिळते. ती रक्कम खात्यात जमा होऊन हिशेब मिटेपर्यंत संबंधित देयकाचा मेल पुसू नये. विम्याची पॉलिसी तिची मुदत संपेपर्यंत व दावा असल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत ठेवावी. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळासारख्या आपत्तीनंतर नुकसानभरपाई मागताना नौकेची व जाळ्यांची मालकी, त्यांची किंमत आणि त्यांची आधीची स्थिती दाखविणारे कागद किती उपयोगी पडतात, हे किनारपट्टीवरील कुटुंबांस सांगावयास नको.

चौथा वर्ग लगेच काढून टाकावयाच्या मेलचा. जाहिराती, एकदाच वापरावयाचे सांकेतिक अंक, समाजमाध्यमांच्या सूचना आणि तोच मजकूर पुन्हा पुन्हा आलेली उत्तरे या वर्गात येतील. पेटीतील संख्येने मोठा भाग बहुधा याच वर्गाचा असतो. मात्र वजनाने मोठा भाग थोड्याच जड जोडपत्रांचा असतो. यावरून साफसफाईचा क्रम ठरतो : आधी जड मेल पाहावेत, मग संख्या कमी करावी.

सर्व्हरवरील खात्याची साफसफाई

जीमेलच्या शोधचौकटीत रोमन अक्षरांत ‘लार्जर’ हा शब्द, त्यास लागूनच दोन टिंबांचे अपूर्णविरामचिन्ह आणि ‘10एम’ असे जागा न सोडता टंकले असता 10 एमबीहून मोठे सर्व मेल समोर येतात. खात्याच्या साठवण व्यवस्थापनाच्या पानावरही मोठ्या जोडपत्रांचे मेल वेगळे दाखविले जातात. यातील प्रत्येक मेल वर्गवारीनुसार तपासावा. जपण्याजोगे जोडपत्र प्रथम संगणकावर उतरवून घ्यावे, ते उघडते की नाही हे पाहावे, आणि मगच मेल पुसावा.

पुसलेला मेल तत्काळ नष्ट होत नाही. तो कचरापेटीत जातो आणि 30 दिवसांनी आपोआप नाहीसा होतो. तोपर्यंत त्याची जागा व्यापलेलीच राहते. तातडीने जागा हवी असल्यास कचरापेटी रिकामी करावी. परंतु हे 30 दिवस चूक सुधारण्याची संधीही देतात, म्हणून विनाकारण घाई करू नये. ‘संग्रहित करा’ ही आज्ञा दिल्यास मेल केवळ समोरच्या पेटीतून बाजूला होतो. त्याने एक कणभरही जागा मोकळी होत नाही.

नव्या जड मेलची आवकही कमी करता येते. मासळीचे छायाचित्र व्यापाऱ्यास पाठविताना लहान आकार निवडावा. कागदाचे छायाचित्र काढण्याऐवजी तो स्कॅन करून पीडीएफ स्वरूपात पाठवावा. जीमेलमधून 25 एमबीपेक्षा मोठे जोडपत्र जात नाही. त्याऐवजी ड्राइव्हवरील दुवा पाठविला जातो. दुव्यामागील धारिका पाठविणाऱ्याच्या ताब्यात राहते व ती केव्हाही काढली जाऊ शकते, म्हणून आपणांस आलेल्या महत्त्वाच्या दुव्यावरील कागद उतरवून घेतल्याखेरीज निश्चिंत राहू नये.

फोनमधील जागा व समुद्रातील गरज

फोनमधील जागा मोकळी करावयाची असल्यास मेल पुसण्याची गरज सहसा पडत नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये किती दिवसांचे मेल फोनवर आणावयाचे हे ठरविता येते. सामान्यतः हा आकडा 30 दिवसांचा असतो. तो कमी केल्यास फोनवरील भार कमी होतो, सर्व्हरवरील मेल मात्र सुरक्षित राहतात. जोडपत्रे आपोआप उतरविण्याची सोयही तेथेच बंद करता येते. याखेरीज ‘डाउनलोड’ या कप्प्यात एकच देयक तीन-तीनदा उतरविलेले आढळते. त्या जादा प्रती काढाव्यात.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपसाठी ‘कॅशे’ पुसण्याची आणि ‘डेटा’ पुसण्याची अशा दोन आज्ञा असतात. कॅशे म्हणजे तात्पुरता साठा. तो पुसण्यात धोका नाही. डेटा पुसल्यास मात्र फोनवरील सर्व स्थानिक प्रती जातात, आणि लिहून ठेवलेला पण अद्याप न गेलेला मेलही त्याबरोबर नष्ट होऊ शकतो. समुद्रात असताना लिहिलेली मागणी संपर्काअभावी ‘पाठवावयाच्या’ पेटीतच अडून राहिलेली असते, हे नौकेवरील मंडळींनी विशेषत्वाने लक्षात ठेवावे.

किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाईलचा संपर्क तुटतो. सर्व्हरवरील शीतगृह तेव्हा असून नसल्यासारखे होते. तटरक्षक दलाने किंवा सागरी पोलिसांनी समुद्रात तपासणी केली असता नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, विमा आणि खलाशांची ओळखपत्रे दाखवावी लागतात. हे मोजके कागद बंदर सोडण्यापूर्वी फोनच्या स्मृतीत उतरवून एका स्वतंत्र कप्प्यात ठेवावेत, फोन विमान-स्थितीत टाकून ते उघडतात की नाही हे पाहावे, आणि छापील प्रती जलरोधक पिशवीत बरोबर असू द्याव्यात. फोनमध्ये काय ठेवावे या प्रश्नाचे नेमके उत्तर येथे मिळते : संपर्क नसताना ज्याची गरज पडेल तेच.

कायद्याच्या दृष्टीने ई-मेल

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायद्याची मान्यता आहे. त्यातील कलम 7 नुसार असा अभिलेख पुढेही वाचता येईल अशा रीतीने, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दर्शविणाऱ्या स्वरूपात ठेवला पाहिजे, आणि तो कोठून आला, कोठे गेला, कोणत्या दिवशी व वेळी गेला वा आला याचा तपशील त्यात असला पाहिजे. पडद्याचे नुसते छायाचित्र काढून मूळ मेल पुसून टाकल्यास हा तपशील हरवतो. तंट्याचा संभव असलेला मेल म्हणूनच मूळ रूपात ठेवावा. न्यायालयात असा पुरावा सादर करताना 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागते.

संस्थेचे खाते, संस्थेचा ताबा

सहकारी संस्थेचा पत्रव्यवहार सचिवाच्या खाजगी खात्यावर चालणे हिताचे नाही. पदाधिकारी बदलला की दप्तरही त्याच्या खिशातून जाते. खाते संस्थेच्या नावाने असावे, त्याचा संकेतशब्द व ताबा देण्या-घेण्याची नोंद कार्यभार हस्तांतराच्या वेळी इतिवृत्तात व्हावी. खात्यास दुहेरी पडताळणी लावलेली असेल आणि फोन समुद्रात पडला, तर खातेच उघडता येत नाही. अशा प्रसंगासाठी गुगल 10 राखीव सांकेतांक देते. ते कागदावर उतरवून संस्थेच्या तिजोरीत ठेवावेत.

महत्त्वाच्या मेलची एक प्रत वर्षातून एकदा तरी खात्याबाहेर काढावी. ‘गुगल टेकआउट’ या सोयीने संपूर्ण मेलपेटी एका धारिकेच्या रूपात उतरविता येते. ही धारिका दोन ठिकाणी ठेवावी; एक संगणकावर आणि एक स्वतंत्र डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी. खाऱ्या हवेचा व पावसाळी दमटपणाचा परिणाम उपकरणांवर होतो, म्हणून दरवर्षी ती उघडून पाहावी.

फसव्या मेलपासून सावधान

‘तुमची मेलपेटी भरली आहे, चोवीस तासांत येथे दाबा, नाहीतर खाते बंद होईल’ अशा मजकुराचे फसवे मेल सर्रास येतात. जागा संपण्याची भीती हेच त्यांचे भांडवल असते. अशा मेलमधील दुव्यावर कधीही संकेतशब्द देऊ नये. जागा खरोखर किती उरली हे आपल्या खात्याच्या साठवणीच्या पानावर स्वतः जाऊन पाहावे. फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर विलंब न लावता 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितकी लवकर तक्रार होईल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक.

वर्षाचे वेळापत्रक

हे सारे काम एका दिवसात उरकण्याचे नाही. पण ते वाटून घेतल्यास जडही नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे चौथ्या वर्गातील मेल पुसण्यासाठी द्यावीत. महिन्यातून एकदा जड मेल तपासावेत व देयके त्यांच्या कप्प्यात लावावीत. प्रत्येक आर्थिक वर्ष संपताच त्या वर्षाचे नाव देऊन एक कप्पा बंद करावा, म्हणजे मुदत संपल्यावर तो एकदम काढता येईल. उरलेल्या मोठ्या कामासाठी, म्हणजे संपूर्ण प्रत काढणे, मुदत संपलेले कप्पे निवडणे आणि पुढील हंगामाचे कागद फोनमध्ये ठेवणे यासाठी, पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस सोयीचे आहेत. त्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणली व सांधली जातात, लाकूडकाम व रंगकाम होते. त्याच यादीत दप्तराच्या डागडुजीची भर घालावी. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी हे काम वडीलधाऱ्यांबरोबर बसून करावे. कोणता कागद मोलाचा हे ज्येष्ठांस ठाऊक असते आणि तो कोठे ठेवावा हे तरुणांस. दोघांच्या या सहकार्यातून लागलेले दप्तर नव्या हंगामात नौकेइतकेच सज्ज राहील.